आल्बीना बोटीवरचं वजन

काळेवाडी,
१८ सप्टेंबर २०२५

चि. दिव्या हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं रत्नागिरीहून आलेलं पत्र मिळालं. आम्ही इकडे ठीक आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे. गणपतीला तू आली नाहीस म्हणून ती अजून धुसफुसते, ते तुमचं तुम्ही बघा. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू बापाला एक वाक्य पुरं करू देशील तर शपथ.

तुमच्या कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तुला खापरपणजोबांच्या आगबोटीची माहिती हवी आहे. तुझ्या आजोबांकडून ऐकली तशी लिहितो.

'आल्बीना' विलायतेत बांधलेली, लोखंडी, अगदी सुरुवातीच्या मालवाहू आगबोटींतली. बॉयलरवर कुणाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून तिला शिडंही होती. उमेदीत तिने मुंबईहून कापूस नेला. तीन मालक बदलून म्हातारी झाल्यावर मलबारची कौलं नि खोबरं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला जायची. आपले धर्माजी तिच्यावर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे. १८९९ च्या वैशाखात विजयदुर्गासमोर ती बुडाली. एकतीस माणसं होती, नऊ किनाऱ्याला लागली. त्यांत धर्माजी नव्हते.

घरी काय सांगतात ते तुला पाठ आहे. सुकाणूवरच्या माणसाने बोट खडकावर घातली आणि धर्माजी शेवटपर्यंत भट्टीपाशी उभे राहिले. त्यांच्या नावाने आपण नारळी पौर्णिमेला वेगळा नारळ सोडतो. तो सुकाणूवाला पोहत वाचला, एवढाच त्याचा गुन्हा. गावाने त्याला वाळीत टाकलं, त्याच्या मुलींना कुणी पत्करलं नाही, शेवटी ते घरच उठून गेलं.

आता तू विचारतेस, जुन्या कागदात 'बॉयलर फुटला' असं लिहिलंय, मग खडक कुठून आला? बरोबर पकडलंस. खडक नव्हताच.

मला बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट मिळालं तेव्हा आजोबांनी मला पडवीत बसवून खरं सांगितलं. बॉयलरला एक झडप असते, सेफ्टी व्हॉल्व्ह. वाफ फार झाली की ती आपसूक उघडते. जुन्या झडपेला दांडा असतो. त्याला जादा वजन टांगलं की झडप दबून राहते, वाफ कोंडते आणि बोट पळते. धर्माजी ते नेहमी करायचे. त्या दिवशीही केलं होतं, हे वाचलेल्या एका आगवाल्याने घरी येऊन सांगितलं. आजोबा हसत होते गं. "वजन टांगलां काय बोट कशी धावता बघ," म्हणाले. बावीस माणसं मेलेली गोष्ट त्यांनी मला कसब म्हणून दिली आणि मीही ती कसब म्हणूनच घेतली.

इथवर लिहून दोनदा उठलो, चहा केला, तो तसाच राहिला.

गेल्या महिन्यात कंपनीत अपघात झाला, माझ्या सोबतचा समाधान गेला, एवढंच तुला सांगितलं होतं. तू विचारलंस, "बाबा, तुम्ही तिथे नव्हता ना?" नव्हतो. तीनला माझी शिफ्ट सुटली होती, मी तळवड्याच्या बसस्टॉपवर होतो.

आमचा खोक्यांचा कारखाना जुनाट बॉयलरवर चालतो, त्याची झडपही दांड्याचीच. त्या दिवशी सकाळपासून झडपेतून वाफ जात होती, ती कमी पडून पुठ्ठा ओला निघत होता. चाकणची गाडी दारात उभी म्हणून सुपरवायझर प्रज्वल माझ्या डोक्यावर बसला होता. मी भंगारातला एक गियर तारेने दांड्याला टांगला. पुठ्ठा कोरडा निघाला. प्रज्वल म्हणाला, "काका, तुमच्या हातात जादू आहे राव." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. असं मी वर्षातून दहा वेळा करायचो आणि शिफ्ट सुटताना वजन काढायचो.

त्या दिवशी काढलं नाही. गाडी भरायची बाकी होती. समाधान पुढच्या शिफ्टचा बॉयलरवाला, त्याला सांगितलंही नाही. तो नियमाचा माणूस. कळलं असतं तर आधी आग ओढून काढली असती आणि मग चार लोकांत मला जाब विचारला असता. दांडा मागच्या बाजूला, पुढून दिसत नाही. मी शिफ्ट सोपवायच्या चार्जच्या वहीत 'सर्व ठीक' लिहिलं आणि सही ठोकली. पाऊण तासाने आवाज झाला. बसस्टॉपवर सगळे म्हणाले, टायर फुटला.

ढिगाऱ्यात गियर सापडला. शिफ्ट समाधानची, म्हणून टांगला समाधानने, असं ठरलं. माझा जबाब घेतला तेव्हा मी वहीवर बोट ठेवलं.

परवा त्याची बायको विजयश्री दापोडीहून घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "भाऊजी, तुमी सात वर्षं संगं काम केलं. दोन माणसं ह्यांच्यापायी भाजली म्हणून गावाकडचे आमाला दारात उभं करीनात. ह्यांनी असं केलं असंल का?" मी म्हणालो, "यंत्राचं काही सांगता येत नाही, वहिनी." ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली.

मी नीच माणूस आहे, दिव्या. काल पवनेच्या पुलावर जाऊन उभा राहिलो होतो. मग वाटलं, मी मेलो तर तो गियर कायमचा समाधानच्या गळ्यात राहील. परत आलो. घाबरू नकोस, पुन्हा तिथे जाणार नाही.

प्रदर्शनात खरं लिही. वजन आपल्या माणसाने टांगलं असं लिही. त्या सुकाणूवाल्याचं नाव कुठल्या कागदात मिळालं तर ते आधी लिही, धर्माजींचं मागून.

तपासणी अधिकाऱ्याकडे जायचं मी चारदा ठरवलं आणि चारदा गेटवरून परत फिरलो. माझ्यावर माझीच भिस्त उरलेली नाही. म्हणून समाधानचं सगळं विजयश्रीला लिहून काढलंय, नाव-तारखेसकट, सहीनिशी. आता दोन्ही पाकिटं घेऊन पोस्टात जातो. तिचं आधी रजिस्टर करणार, मग तुझं. म्हणजे हे तुझ्या हातात पडलं असेल, तर तिचं सुटलेलं आहे आणि मला आता माघार नाही.

आईला सकाळी सांगितलं. मला न्यायला येतील तेव्हा ती एकटी नको. तू ये.

तुला तोंड दाखवायची हिंमत नसलेला,
तुझा बाबा
विश्राम