आप्पांच्या खिडकीतली वायर

रविवार, निपाणी

आमच्या जुन्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी थकली. बेळगावाहून इथं पोचते, पण चार्ज केल्याबिगर परत न्हाय. नवी बॅटरी गाडीच्याच किमतीची! म्हणून सासऱ्यांना, आप्पांना, भेटायला आलो की खिडकीतून वायर ओढायची आणि दिवसभर अडकून पडायचं.

आप्पा एकटेच असतात. आज सांगून टाकलं, "गाडी विकतोय." ते उठून आत गेले.

संध्याकाळी बघतो तर चार्जिंग जिथल्या तिथं. वायर खिडकीतच, आतलं बटण मात्र बंद. लाईट गेलती का? पंखा तर फिरत होता!

"राहा की पाव्हणं आज," आप्पा म्हणाले. माझ्याकडं न बघता.

उद्या सकाळी बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यात ड्यूटी आहे माझी. लई राग आला. तणतणत बटण लावायला आत गेलो, तर कुकरमध्ये दोघांपुरता भात आधीच लावलेला.