फेकी हात

दम्माम

मेहुणे फकरुद्दीनभाई यांस शाहिदचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून गावी निघालेल्या शारीकच्या हाती हे पत्र देतोय. तुमची बहीण शरीफा आणि माझा पोरगा हाशिर तुमच्याच छपराखाली आहेत, म्हणजे बरेच असतील.

खांदा जाण्याआधी मी इथल्या कंपनीच्या बेसबॉल टीमचा, बॅटवाल्याकडे चेंडू फेकणारा पगारी पिचर होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही पंच म्हणून माझा हात 'फेकी' ठरवून बाणकोटच्या क्रिकेटमधून मला काढलंत, म्हणून तर इकडे वळलो. आभार मानू का?) आता मी कोच, आणि नवे पिचर हुडकणारा. मॅनेजरने बजावलंय, रमजानपूर्वी एक तरी पिचर आण, नाहीतर तुझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, वाढणार नाही.

म्हणून दर शुक्रवारी आपल्या कोकण्यांचं क्रिकेट बघत उन्हात उभा राहतो. बेसबॉलमध्ये कोपर वाकवून फेकायचंच असतं, आणि आपल्यात तोच गुन्हा. शेवटी रफीक सापडला. पाण्याचा टँकर चालवतो, फेकतो म्हणून प्रत्येक टीमने हाकललेला. मला वाटलं, आपलं काम झालं. त्याला मॅनेजरसमोर उभा केला, कोरियन कॅचर खाली बसला, आणि रफीक पार कुंपणापर्यंत मागे गेला, धावत आला आणि हात काठीसारखा सरळ ठेवून त्याने यॉर्कर टाकला. चेंडू कॅचरच्या नडगीवर. मी म्हटलं, अरे फेक ना. तर म्हणतो, "शाहिदभाय, चार लोकांत मना फेकी ठरवताव?" कोरियन एका पायावर नाचत होता आणि हा माझ्याकडे अपील करत होता. मॅनेजर 'खलास' म्हणून गाडीत बसला.

तुम्ही पंच लोकांनी माणसांना इतकं धाकात ठेवलंय की पगार देऊन कोणी फेक म्हटलं तरी हात मोकळा होत नाही. मला तुमचा राग येतो, फकरुद्दीनभाई. इतक्या वर्षांनीही येतो.

तुमचा,
शाहिद

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. हाशिरला इकडे पाठवा. पोरगा माझाच हात घेऊन जन्मलाय, कोपर तसंच वाकतं. तो आला तर माझी नोकरी टिकेल.

आणखी ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात हाशिरचाच फोन आला. मामूंनी रोज अंगणात उभं करून हात सरळ करून घेतला म्हणे, आणि परवाच्या मॅचमध्ये तुम्ही एकदाही नो-बॉल दिला नाही. "अब्बा, आता मला कोणी फेकी म्हणत नाही," म्हणाला. इतका खूश मी त्याला कधी ऐकला नव्हता. वरचा मजकूर त्याला दाखवू नका. मीच येतोय, कायमचा. त्या दिवशी मॅच असेल तर मला आणायला त्याला पाठवू नका.