एम्रिसच्या जागी

१० डिसेंबर, डोल्गेथ्ली

नेस्ता म्हणते, यंदाही जायचं. दोघींनीच! एम्रिसला जाऊन सात महिने झालेत. आम्हा भावंडांत खालचा सूर त्याचा, मधला माझा, वरचा थोरलीचा, म्हणजे नेस्ताचा. आमच्याकडे नाताळगीतांच्या संध्याकाळी डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत गावोगावच्या चर्चमध्ये होतात; आजोबांपासून चालत आलेलं घरचं गीत मात्र दर जानेवारीत माल्विडच्या चर्चमध्ये म्हणायचं. तीन आवाजांचं. दोघींनी कसं म्हणणार?

"मग तिसरा शोधू," म्हणाली. जसा काही बाजारात मिळतो!

पण तिचं खरं आहे. आम्ही थांबलो की गीत संपलं. दुसऱ्या कुणाला येत नाही – आम्ही येऊच दिलं नाही.

१७ डिसेंबर

लानेर्विलला गेलो आणि नाक कापून घेऊन आलो.

वाटेत दिनासला नेस्ताने गाडी थांबवली. तिथली एकुलती एक गल्ली, त्यात इद्वलचं घर. मेंढ्यांवाला, विधुर, आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. हिची त्याच्याशी बोलणी संपेचनात. चर्चला पोचलो तर निम्मा कार्यक्रम उरकलेला. आमच्याकडे नावं पुकारत नाहीत; ज्याला वाटेल त्याने उठून पुढे जायचं, गायचं, गुपचूप परत बसायचं. आणि एकाने म्हटलेलं गीत त्या संध्याकाळी दुसऱ्याने म्हणायचं नाही. आम्ही दोघींना जमणारं एक साधं गीत म्हटलं – ते आधीच होऊन गेलं होतं! कुणी हूं की चूं केलं नाही. जेवताना एका म्हाताऱ्याने मात्र सूपचा वाडगा पुढे करत म्हटलं, "छान झालं हो बायांनो. पहिल्यांदा झालं तेव्हाही छानच झालं होतं."

नेस्ता खो खो हसली. मी वाडग्यातून मान वर केली नाही.

२१ डिसेंबर

लानवथ्लिन. लाल विटांचं गाव. आमच्या काळ्या दगडाला सरावलेल्या डोळ्यांना जरा भडकच. नेस्ताला प्रत्येक बोळात शिरायचं होतं. "हे दार बघ गं! ही पायरी बघ!" इतक्या वर्षांत कधी बघितलं नव्हतंस का, म्हटलं. गाताना तिचा आवाज दोनदा चिरकला. थंडी बाधली म्हणे.

२८ डिसेंबर

इद्वल आला तालमीला. गातो उत्तम, मानलं. उतारवयात हिला तो आवडला की काय, अशीही शंका आली! पण सोबत लेक आणलेली – हेलेद, चाळिशीची, दोन मुलांची आई. आणि नेस्ता तिला वरचा सूर शिकवत बसली! का? तर म्हणे, "असू दे, कधी उपयोगी पडेल."

तो सूर मी लहानपणी आईकडे मागितला होता. "तुझा आवाज मधलाच गं," म्हणाली आई. मला नाही मिळाला, आणि ह्या दिनासच्या बाईला ताटात वाढून! वाईट वाटलं. खूप वाटलं.

४ जानेवारी

पुन्हा तालीम. पुन्हा हेलेद. नेस्ता स्वतः गातच नाही, नुसती हाताने वर-खाली दाखवते. भांडले. "घरातलं घराबाहेर काढतेस!" ती म्हणाली, "घरात उरलंय कोण, मोर्वेन?"

५ जानेवारी

अबोला. चहा तिनेच केला.

१३ जानेवारी

माल्विड. दारावर टांगलेली कुठल्याशा प्राचीन जनावराची ती अजस्र हाडं, आत मेणबत्त्या, ओल्या लोकरीचा वास. चर्च भरलेलं. आमची वेळ आली असं वाटलं तशी मी उठले. इद्वल उठला. नेस्ता बसूनच! सूर धरायचा नादकाटा माझ्या हातात कोंबला आणि हेलेदला कोपराने ढोसलं – "जा ना गं!"

सगळ्यांसमोर काय करणार? गेले. हेलेद पहिल्या ओळीत कापत होती, दुसरीपासून सावरली. तिसऱ्या कडव्याला मला एम्रिसची आठवण आली नाही. इतकं ते जुळलं. नेस्ता डोळे मिटून बसली होती.

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. आपल्याच घरचं गीत, आणि तू बाकावर पाहुणीसारखी! तिने गाडीचं दार उघडलं. "झालं का बोलून? बस गाडीत. उद्या सांगते."

१४ जानेवारी

गुरुवारी नेस्ताच्या घशाचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार आहेत. तिला ऑक्टोबरपासून माहीत होतं. ती एक नाही, दोन आवाज शोधत होती.

सकाळपासून बोलतेय. शेजारणीचं मांजर, बटाट्यांचे भाव, काहीही. मी मध्ये बोलत नाही.