घाईनं गार केलेला तारा

१४ ऑगस्ट, म्हैसूर

आषाढापासून इथे एक ओळ नाही. वही, राग मानू नकोस.

श्रुती, माझी संशोधन विद्यार्थिनी, आज नंजनगूडला घरी जायची नेहमीची गाडी चुकवून माझ्या खोलीत बसली होती. न्यूट्रॉन ताऱ्याचं कवच समजतात त्याहून फार ठिसूळ आहे, असं तिचं संगणकावरचं गणित सांगतं. म्हणाली, "साकु मॅडम, उद्या लेख पाठवूया. ताऱ्यानंच येऊन सही करायची राहिलीय!" मी हसून हो म्हटलं.

घरी आले. सकाळी कढवलेलं तूप मी घाईत फ्रिजमध्ये ठेवलं होतं. रवा धरलाच नाही, नुसता गुळगुळीत गोळा. आणि एकदम श्रुतीचं गणित आठवलं. संगणकावर श्रुतीनं वितळलेलं कवचही असंच झटकन गार केलंय. स्फटिक नीट जुळणार कसे? वेडेवाकडे जमले, ताण पडताच तुटले. ठिसूळपणा ताऱ्याचा, की आमच्या घाईचा?

की मला तिचं यश खुपतंय? नाही, तसं नसावं. तिचा सारा उन्हाळा यात गेला. आणि "आटप लवकर" म्हणणारी कोण? मीच.

तूप पुन्हा वितळवून ओट्यावर ठेवलंय. रवा धरायला सकाळ होईल.

उद्या: लेख जायच्या आधी श्रुतीला स्टेशनवरच गाठायचं. तारा पुन्हा वितळवायचाय, दोघींनी मिळून.