गडाचं सांगून

३ नोव्हेंबर ५४, धुळे
कोर्टात गेलो. घरचे म्हणतील उगाच गेलास. कॉलेज अर्धवट सोडून आल्यापासून माझं सगळं उगाचच.
शेजारच्या शंकरदादाला दहा दिवस सिव्हिल हॉस्पिटलात देखरेखीखाली ठेवलं होतं. पुलावर बैलगाड्या अडवून पास मागायचा, त्यात एका गाडीवानाचं डोकं फोडलं, म्हणून. डॉक्टरांचा दाखला पाहून मॅजिस्ट्रेटनी हुकूम दिला. पुण्याला, वेड्यांच्या इस्पितळात, पोलीस पहाऱ्यात.
हा चित्रकलेचा मास्तर. कोर्टात इतका शांत उभा होता की मला वाटलं, चूक झालीय. पण डोकं फुटलं, तेही खरंच.
त्याची बहीण कुसुम वडलांचा हात धरून उभी होती. तिच्यावर हा प्रसंग आणि मी तिच्या वेणीकडे... लाज वाटते.

४ नोव्हें.
सोबत घरचं माणूस लागतं. कुसुमचे वडील नाना म्हणाले, "मना पाय चालतस नही, भो. तूच जाय."
हवालदारानं कागद काढला. "तू कोन शे त्याना?"
"शेजारी."
"शेजारी चालत नही. चुलतभाऊ लिखस."
म्हणजे सरकारी कागदावर मी कु.चाही भाऊच. कागद टरकावणार होतो. कु. दारात उभी. सही केली.
निघताना तीच हळूच म्हणाली, "दादाला फसवून नेऊ नका. आई गेली तेव्हा मामाकडे गेलीय असं सांगितलं होतं त्याला. कुठं नेताय ते खरं सांगा." शब्द दिला. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

६ नोव्हें., मनमाड, फलाटावर
पेन्सिलीनं लिहितोय. दादाचा हात हवालदाराच्या हाताशी उपरण्यानं बांधलाय. बरोबर आणखी एक शिपाई. चाळीसगावच्या गाडीत एका बाईनं विचारलं, कुठं निघालात? हवालदार म्हणाला, "देवीना दर्शनले, गडवर." दादानं खिडकीतूनच हात जोडले. मी हवालदाराला कोपऱ्यात गाठलं तर म्हणे, "कॉलेजवाले, खरं सांगं का डबा डोक्यावर घेतस हाई लोके. असा कैक मी नेयेल शेत."
मी तेव्हा बोलायला हवं होतं.
इथं उतरल्यावर दादा थांबला. "गडाला जायचं तर नाशिकची गाडी पलीकडे लागते. तुम्ही चुकताय." चूक आमचीच. हवालदारानं ओढलं, दादा खाली बसला, माणसं जमली. शिपायानं पिशवीतून बेडी काढली. मी त्याची कॉलर कधी धरली कळलं नाही.
"तुलेबी बांधू का?"
दादा खालूनच म्हणाला, "मधू, तू सांग. तू सांगशील तिकडं येतो."
मी म्हणालो, "आधी पुण्यात काम आहे. मग गड."
उठला. बेडी लागली नाही.

८ नोव्हें., धुळे
काल पोचवला. आत जाताना म्हणाला, "काम उरकून ये, मी इथंच बसतो."
आज कु.नं विचारलं, "सांगितलंत ना?" मान हलली. हो म्हणून, की नुसतीच, माझं मलाच माहीत नाही. तिनं आतून ताक आणून दिलं. प्यालो.

१५ नोव्हें.
रोज ठरवतो, सांगायचं. कु. हल्ली ओट्यावर दिसली की हसते. हसणं थांबेल म्हणून गप्प, की दादासाठी... नानांनी आज पाठीवर हात ठेवला. "तू मना पोरनामायकच." मुलासारखा, म्हणे.

२१ नोव्हें.
पुण्याहून कार्ड. नातेवाईक म्हणून माझ्याच नावावर. फळ्यावर काढावं तसं अक्षर. "काम झालं असेल तर ये. इथं गडाचं कुणी बोलत नाही. विचारलं की हसतात. तू सांगितलंस म्हणून आलो, हे कुसुमला कळव."
उघडं कार्ड. पोस्टमननं वाचलं असणारच. कु.ला वाटेत तोच भेटला. आता ती खाली माझ्या आईशी बोलतेय, "दादाचं पत्र आलंय म्हणे." ती सातवी पास आहे, गाळून वाचून दाखवता येणार नाही. फाडलं तरी त्याला उत्तर काय लिहू? आणि पुढं त्याला तिथून आणायलाही कागदावरचा चुलतभाऊ म्हणून माझीच सही लागणार.
आई तिसऱ्यांदा हाक मारतेय. हे लिहितोय म्हणजे अजून माडीवरच आहे.