तिशीतला चेहरा

३ जानेवारी
आज आईने मला खुर्ची दिली. "बसा ना बाई, उभ्या का?" मग उशाजवळचा फोटो पुढे केला. "ही माझी मुलगी. बरेच दिवस फिरकलीच नाही. तुम्हाला कुठे दिसली का हो?"

फोटो माझाच. तिसाव्या वर्षीचा!

"आई, मीच ती." तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हसली. अगदी सभ्यपणे. कुणी थाप मारली की हसतात तसं.

वहिनी म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका वन्सं. डॉक्टर म्हणालेच होते, जुनं तेवढं लक्षात राहील." मग त्या जुन्यात मी का नाही?

५ जानेवारी
ठरलं! स्टुडिओत दिवसभर मी लोकांच्या फोटोंमधल्या सुरकुत्या माऊसने पुसते. पंचावन्नची बाई चाळीसची करायला मला चार मिनिटं लागतात. आज आरशात स्वतःकडे त्याच नजरेने पाहिलं. काम बरंच आहे.

७ जानेवारी
त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे फोटो ठेवला. म्हटलं, अशी करा. त्यांनी चष्मा काढला. "हे बघा, पीआरपी म्हणजे जादू नाही. तुमचंच रक्त काढायचं, मशीनमध्ये फिरवायचं, वरचा पिवळसर भाग बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडायचा. थोडा तजेला येईल, तोही आला तर. पंचवीस वर्षं मागे नाही नेता येत."

जेवढी येतील तेवढी न्या म्हटलं. तीन खेपा, महिन्याच्या अंतराने.

१० जानेवारी
पहिली खेप झाली. नळी फिरून आली तेव्हा खाली लाल गाळ आणि वर निवळ पिवळं पाणी. मलम लावून चेहरा बधिर केला होता, तरी कपाळावर सुया चांगल्याच झोंबल्या. हूं की चूं केलं नाही. आता दोन-तीन दिवस तोंड लाल राहणार. तोवर आईकडे जायचं नाही. आधीच परकी, त्यात असं ध्यान घेऊन तिला घाबरवायचं कशाला!

२ फेब्रुवारी
वहिनीला कळलं. "या वयात ही कसली थेरं, वन्सं? हात दाखवून अवलक्षण!" दादाने पेपरात डोकं घातलं. कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघंही रडली असती, आणि मग मीही. इतक्यात रडायचं नाही.

११ फेब्रुवारी
दुसरी खेप.

२० फेब्रुवारी
गालांवर तजेला आलाय. खरंच आलाय! स्टुडिओचे मालकसुद्धा म्हणाले, "काय, मोठी झोप काढलीत वाटतं?" संध्याकाळी केस काळे करून, फोटोतल्यासारखा भांग पाडून आईपुढे जाऊन बसले. तिने मला नीट न्याहाळलं.

"तुम्ही कामाला नवीन लागलात का?"

घरी येऊन आरशावर टॉवेल टाकला. पोटभर रडले. राग आला — हो, तिचाच! मला जन्म दिला आणि मलाच विसरली!

नंतर टॉवेल काढला. अजून एक खेप बाकी आहे. माघार घ्यायची नाही.

१४ मार्च, दुपार
सकाळी तिसरी खेप झाली. या वेळी सगळ्यात वाईट. तोंड सुजलंय, लालबुंद, वर पुरळासारखे ठिपके. आणि आत्ताच वहिनीचा फोन. "आईंनी कालपासून अन्नाला शिवलं नाही. हे बाहेरगावी. माझं काही चालत नाही हो, याल का?" स्कार्फ गुंडाळून जातेच. दिसेन तशी दिसेन.

१४ मार्च, संध्याकाळ
दारात पाऊल टाकलं तोच आई पलंगावरून उठली. माझा स्कार्फ ओढून काढला. "अगं, अंगावर गोवर असताना हिंडतेस काय? डोळ्यांना उजेड लागेल ना, बाळा!" खिडकीचे पडदे ओढले, मला स्वतःच्या जागेवर निजवलं आणि वहिनीला म्हणाली, "आण गं ते ताट. आधी हिला भरवते, मग मी जेवते."

गोवर मला सहाव्या वर्षी आला होता.

तिचा हात कपाळावर होता. कपाळ भयंकर झोंबत होतं. काढ म्हटलं नाही.