हाकेच्या टप्प्यात

१९ जून

काल हाक आली नाही.

दारात उभी होते. ऊन पलीकडच्या कड्यामागे गेलं, गुरं गोठ्याकडे वळली. वर गान्तरच्या कुरणातल्या टेकाडावर माझा भाऊ गेबहार्ड दिसत होता, तोंडाला दूध गाळायचं लाकडी नरसाळं लावलेला. म्हणजे तो होता. हाक नव्हती. वारा उलटा असेल म्हणून आत आले, बटाटे सोलायला घेतले. मग खिडकीतून पाहिलं तर धुराड्याचा धूर सरळ वर चाललेला. वारा नव्हताच.

२० जून

आज आली, पण शेपूट तेवढं. शेवटचं ‘आम्हांला राख’ आणि बस्स.

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आधी लिहून ठेवते. दरवर्षी कार्निव्हलच्या टिंगलीच्या चोपडीत पाद्र्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सोलते ती मीच. गुराख्याने संध्याकाळी चारी दिशांना ओरडून मारियामातेला आणि गुरांच्या संत वेंडेलिनला राखणीला बोलवायचं, आणि जिथवर आवाज जाईल तिथवर जनावर-माणूस सुरक्षित – यावर मी दोन वेळा कडवी लिहिलीत, लोक हसून लोळले होते. पण आजोबांनी हे घर बांधायच्या आधी इथे दगडावर बसून हाक ऐकली होती, आणि ऐकू आली त्या जागी पाया खणला. त्या घरात मी पन्नाशी ओलांडली. उपाहारगृह चालवते, पाहुण्यांना चीजचे गोळे आणि सफरचंदाचा गर वाढते, आणि रोज हाक येऊन गेली की मगच दाराला कडी लावते. न मानता.

परवा हाकेशिवायच कडी लावली. दोनदा तपासली.

२४ जून

गेबहार्ड चीज घेऊन खाली आला. ओझं उतरवायच्या आत विचारलं, “घसा कसा आहे?”

“कुणाचा?”

“माझा गावाला पुरून उरलाय. तुझा.”

“आहे जागेवर. सकाळी होता.”

“हाक दारापर्यंत येत नाही.”

तो थांबला. चीजचं चाक छातीशी धरून, तान्हं मूल धरावं तसं. “येत नाही?”

“आठवडा झाला.”

“बरं,” म्हणाला. “जोरात देतो, ताई.”

एवढंच. माझ्या धाकट्या भावाला देवाने शब्द मोजून दिलेत. उरलेले सगळे माझ्याकडे आले.

त्याला जे म्हटलं नाही ते इथे लिहिते. वडिलांचंही असंच सुरू झालं. आधी हाक दारापर्यंत येईना. मग आवाज घोगरा. मग सूप घशाखाली उतरेना. त्या वर्षी गुरं खाली आली तेव्हा वडील अंथरुणात होते, आणि हाक द्यायला नरसाळं गेबहार्डच्या हातात होतं.

२५ जून

नाही आली.

२ जुलै

एगॉन आला होता. एगॉन म्हणजे पर्यटन मंडळाचा अध्यक्ष, अग्निशमन दलाचा प्रमुख आणि चर्चच्या गायकांतला खालचा सूर. आमच्या देशात पदं जास्त आणि माणसं कमी, त्यामुळे एकेकाला तीन-तीन टोप्या घालाव्या लागतात. यंदा त्याने गेबहार्डच्या हाकेला ‘सूर्यास्ताचा आशीर्वाद’ असं नाव देऊन कार्यक्रमात घातलंय. दुपारी गरुडाचं उड्डाण, मग लामा प्राण्याबरोबर फेरफटका, मग बस थेट गान्तरला. टेकाडावर बाक टाकलेत. एक ग्लास वाइन तिकिटात.

“तुझ्या भावाने काल कमाल केली,” म्हणाला. “पार सोल शहरातून आलेली एक म्हातारी हातातला ग्लास सांडून बसली. काय तो आवाज!”

एगॉनला काहीही विकता येतं. पावसाळी आठवड्याला तो ‘ढगांशी जवळीक’ म्हणतो. म्हणून मी त्याला खरं तेच सांगितलं – आवाज संपत चाललाय, माझ्या दारापर्यंतसुद्धा पोचत नाही.

त्याचा चेहरा पडला. मग तो हळूच म्हणाला, माईक लावू या का?

हे मी गेबहार्डला सांगितलं. तो म्हणाला, “मग राखण माईकची.” आणि नरसाळं धुवायला गेला.

८ जुलै

आवाज बसलाय. जेवायला बसलो तेव्हा त्याने मीठ मागितलं, तर लाकडावर कानस फिरवल्यासारखं. मला समोर बसूनही दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

इर्मगार्ड, त्याची बायको, भांडी विसळत काहीतरी सांगत होती. या बाईला मोरीशी बोलायची सवय आहे. “मोठ्याने बोल की,” म्हटलं. तर वळून, हात पुसून, माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, “वन्सं, मी म्हणत होते, मध देते त्याला. ऐकत नाही. हाक देऊन आला की नुसता खोकत बसतो.”

“थुंकीत काही?”

“काय?”

“रक्त.”

“अहो, काहीतरीच काय.” पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

११ जुलै

नाही.

१२ जुलै

नाही. दारात उभं राहायचं बंद करावं. करवत नाही.

गुरांच्या घंटासुद्धा यंदा हलक्या बांधल्यात. गेबहार्डला म्हटलं, पाहुण्यांच्या झोपेची एवढी काळजी? तो म्हणाला, त्याच आहेत, ताई. आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. माणसाला आपलं मरण दिसलं की तो असाच बघतो, वडील असेच बघायचे.

१९ जुलै

फ्लूरा गेली.

काल दुपारी वादळ आलं. विजेला बिचकून ती कुंपण तोडून खाली आली आणि माझ्या घरामागच्या घळीत पडली. तीन वर्षांची गाय, कपाळावर पांढरा डाग. मी स्वयंपाकघरात होते, मागचं दार अर्धं उघडं. घळ तिथून दिसते. जनावर पडलं, दगड घसरले, ओरडलं असेल. मला काही कळलं नाही. मी कांदे तळत होते! इर्मगार्ड धावत आली आणि मला खांद्याला धरून वळवलं तेव्हा कळलं.

घळ माझ्या घराच्या मागे. म्हणजे टप्प्याच्या बाहेर. आता टप्पा कुठे संपतो ते कुणाला ठाऊक? माझ्या अंगणात संपत असेल. बाकांच्या शेवटच्या रांगेपाशी संपत असेल.

गेबहार्ड तिच्यापाशी बसून होता. मी म्हटलं, तुझा काय दोष. तो म्हणाला, “इथवर पोचली नसेल.”

मी हो म्हणायला नको होतं. पण म्हटलं.

२० जुलै

सप्टेंबरात गुरं खाली जाताना कपाळावर रंगवलेली लाकडी हृदयं बांधतात. उन्हाळ्यात जनावर गेलं की नाही बांधत. सगळा कळप साधाच उतरतो, आणि गाव रस्त्याच्या कडेला गप्प उभं राहतं. हे एगॉनलाही ठाऊक आहे, तो इथलाच आहे. तरी आला आणि विचारलं, “पाच-सहा गायींना तरी? पोस्टर छापून आलीत.”

“फ्लूराने कार्यक्रमपत्रिका वाचायला हवी होती,” मी म्हटलं.

तो हसला नाही. मीही नाही.

संध्याकाळी टेकाडावर गेबहार्ड दिसला. चारी दिशा झाल्या तरी खाली उतरेना. पुन्हा नरसाळं लावलं. कुठल्या दिशेला ते अंधारात कळलं नाही. नुसता ठिपका.

१ ऑगस्ट

एगॉनची नवी कल्पना. गेबहार्डची हाक यंदाच ध्वनिमुद्रित करून ठेवायची. “पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं,” म्हणाला. मग जीभ चावली.

अख्ख्या गावाला आता ठाऊक आहे. सांगितलं कुणी? मीच. माझ्या तोंडातून निघालेलं वाक्य या दरीत कधी हरवत नाही. आता लोक गेबहार्डला दुकानात पुढे जाऊ देतात. पाद्रीबाबा त्याच्या खांद्यावर हात ठेवतात. जिवंत माणसाला गावाने पुरायला घेतलंय, आणि पहिली ओंजळ माती माझी.

मला झोप नाही. डोळे मिटले की वडिलांची वाटी दिसते, सूप तसंच, वर साय धरलेली.

६ ऑगस्ट

भांडले. डॉक्टरकडे चल म्हटलं. नाही. हाक कोण देणार?

“सकाळी जाऊ, दुपारी परत.”

“मला काही झालेलं नाही.”

“वडीलही हेच म्हणायचे. याच टेबलाशी.”

 मग म्हणाला, “आता तरी येते का, ताई? काल फार जोर लावला.”

खोटं बोलायला हवं होतं. मला खोटं बोलता येत नाही, टोचून बोलता येतं. “नाही,” म्हटलं.

त्याने टेबलावर दोन्ही हात सपाट ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मोठे हात. गायीचं वासरू अडलं की खांद्यापर्यंत आत जाणारे.  “बरं,” म्हणाला. “डॉक्टरकडे जाऊ.”

१५ ऑगस्ट

राष्ट्रीय दिन. निम्मा देश खाली राजवाड्याच्या बागेत राजाची फुकट बिअर प्यायला. मी वरूनच आतषबाजी पाहिली. यंदा उजेड भरपूर, आवाज काटकसरीचा. राज्याचीही तब्येत उतरलीय म्हणायची.

विनोद जमला नाही. गुरुवारी डॉक्टर.

२१ ऑगस्ट

जाऊन आलो. सीमेपलीकडे, नदी ओलांडून. गेबहार्डने वर्षातून एकदा घालायचा कोट घातला होता. कान-नाक-घशाचा डॉक्टर, तरणाबांड, तोंडावर मास्क. मास्कमधून हा मुलगा जे काही बोलला त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. वैद्यकीय शिक्षणात हल्ली उच्चार शिकवत नसावेत. गेबहार्डच्या नाकातून नळी घातली. त्याने माझा हात धरला. लहानपणी विहिरीत वाकून बघताना धरायचा तसा.

बाहेर आल्यावर गेबहार्डनेच सांगितलं. गाठ नाही. सूज आहे. ओरडून ओरडून स्वरतंतू सोलवटलेत. महिनाभर ओरडणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

“शेवटी डॉक्टर माझ्याकडे बघून काय म्हणाला?”

“तुला कळलं नाही?”

“हो हो म्हटलं मी. असल्या लोकांना हो हो म्हटलेलं आवडतं.”

तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. बोगदा आला, बोगदा संपला. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण त्याने पुन्हा काही म्हटलं नाही.

आनंद व्हायला हवा. झाला – बोगद्यापर्यंत. मग आठवलं. वडिलांनाही पहिल्या डॉक्टरने सूजच म्हटलं होतं.

२२ ऑगस्ट

आज टेकाडावर कुणी नसेल असं धरून चालले होते. होता. नरसाळं घेऊन. हाक अर्थात आली नाही.

२५ ऑगस्ट

इर्मगार्ड सकाळी आली. माझ्या समोर खुर्ची ओढून बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

“वन्सं, तुम्हीच थांबवा त्याला. माझं ऐकत नाही.”

“डॉक्टरचं ऐकत नाही, माझं ऐकेल?”

“तुमचंच तर ऐकतोय तो. तुम्ही येत नाही म्हणता, की दुसऱ्या दिवशी आणखी जोरात. काल थुंकीत...” तिने रुमाल दाखवला. तांबूस डाग. फार नाही. वडिलांचाही आधी फार नव्हता.

“एवढा ओरडतो तर मग ऐकू का येत नाही?” मी म्हटलं. “घशात काही राहिलंच नसेल. नुसता वारा.”

इर्मगार्डने माझा हात हातात घेतला. सोडेचना. मला वाटलं, तिला ठाऊक आहे. डॉक्टरने त्याला खरं सांगितलंय, आणि दोघं मिळून माझ्यापासून लपवताहेत. “माझ्यापासून काय लपवताय?” विचारलं. तर रडायलाच लागली.

गोठायला झालंय. चुलीजवळ बसून लिहितेय तरी.

२६ ऑगस्ट

उद्या वर जाते. हाकेच्या वेळेला पाहुण्यांची जेवणं असतात म्हणून अख्ख्या उन्हाळ्यात एकदाही गेले नाही. उद्या उपाहारगृह बंद. नरसाळं हातातून काढून घेईन. वेळ पडली तर चुलीत घालीन. राखण गेली खड्ड्यात, मला भाऊ हवाय.

२७ ऑगस्ट

वर गेले. पाहुण्यांच्या बाकावर, अगदी पुढे बसले. गेबहार्डची माझ्याकडे पाठ, हात लांब केला असता तर सदऱ्याला लागला असता. चारी दिशा झाल्या. मग तो माझ्या घराकडे वळला, पाय रोवले, नरसाळं उचललं. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. खालच्या कुरणावरच्या गायींनी एकदम माना वर केल्या. मला ऐकू आलं ते दरीपलीकडून कुणी कुणाला बोलवावं, तेवढंच.

बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते.